भाजणाऱ्याचा पहिला कप

मामंजी पडले ते मासे धरताना, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण गल्लीत पाच तोंडांनी पाच तऱ्हा झाल्या. कुणी म्हणालं जिन्यावरून पडले, कुणी म्हणालं चक्कर आली. समोरच्या घड्याळवाल्याने तर त्यांना बसखालीच घातलं. खरं एवढंच, की रविवारी दुपारी नदीकाठच्या शेवाळलेल्या दगडावर त्यांचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. गळाला लागलेला मासा मात्र त्यांनी सोडला नाही. ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा तो त्यांच्या पोटावर होता.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, तीन महिने खाली उतरायचं नाही. खाली म्हणजे दुकानात. घर वर, दुकान खाली आणि मध्ये सोळा पायऱ्यांचा अरुंद लाकडी जिना. दुकान कॉफीचं. पुढे उभं राहून कॉफी प्यायचा उंच लाकडी कट्टा, त्यावर दळायचं यंत्र, भिंतीला ओळीने पत्र्याचे डबे, आणि मागच्या अंगाला मामंजींच्या वडलांच्या वेळचं, आडवं, गॅसवर गरगर फिरणारं लोखंडी पिंप. हिरव्या बिया त्यात घालायच्या आणि भाजून काढायच्या. एवढ्याशा खोलीला सगळी गल्ली ओळखायची, ती डोळे मिटून, नुसत्या वासावरून.

दुकानाची रीत ठरलेली होती. शुक्रवारी सकाळी आठवड्याभराची कॉफी भाजायची आणि डब्यांत भरून ठेवायची. शनिवार-रविवार दाराला कुलूप, मामंजी नदीवर. सोमवारी दार उघडायचं, डबा फोडायचा, आणि त्यातला पहिला कप भाजणाऱ्याचा. मग बाहेर गिऱ्हाईक कितीही ताटकळो. मामंजी तो कप पिंपाला टेकून, उभ्याने, डोळे मिटून प्यायचे. कप रिकामा झाला की म्हणायचे, "हं." त्या 'हं'नंतर दुकान सुरू व्हायचं. चाळीस वर्षांत त्यांनी कधी 'हं'च्या जागी 'छान' म्हटलेलं कुणाला आठवत नाही.

आता मामंजी अंथरुणात, तर पिंपाशी कोण? मुलगा पाणीखात्यात मीटर वाचायचा. त्याला कॉफी आणि कोळसा यांतला फरक रंगावरून सांगता आला नसता. राहिली सून. तिला घरात सूनबाई म्हणत आणि गल्लीत वहिनी. लहान, मोठे, तिच्या दुप्पट वयाचेसुद्धा वहिनीच म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू.

वहिनीच्या माहेरी कॉफीला मज्जाव होता. वडलांचं ठाम मत, कॉफीने डोकं फिरतं आणि रक्त आटतं. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या घरात आली. पहिला शुक्रवार उजाडला आणि खालच्या फळ्यांच्या फटींतून तो वास वर आला. वहिनी केस अर्धेच विंचरलेले, फणी हातात, तशीच जिना उतरून पिंपाशी जाऊन उभी राहिली. मामंजींनी आधीच्या डब्यातल्या कॉफीचा कप भरून पुढे केला. लोभापायी तिने आणखी दोन मागून घेतले. त्या रात्री ती बोलत सुटली ती उजाडेपर्यंत. नवरा बिचारा हं हं करत राहिला. त्याला वाटलं, आता जन्मभर हेच. तसं ते झालंही, पण त्यात कॉफीचा काही दोष नव्हता.

मग एक कप सकाळी आणि एक दुपारी, एवढ्यावर तिने स्वतःला आणलं. पण जीव जडला तो जडलाच. पहिल्या घोटाला कपाळामागे कुणीतरी खिडकी उघडतं असं तिला वाटायचं. कामं भराभर सुचायची, माणसं बरी वाटायची, नवऱ्याचे विनोदसुद्धा चालून जायचे. दर शुक्रवारी ती मामंजींच्या शेजारी उभी राहू लागली. मामंजी शिकवायचे कमी आणि गोष्टी जास्त सांगायचे. कुणा गुराख्याच्या शेळ्यांनी लाल फळं खाल्ली, त्या नाचायला लागल्या आणि तिथून म्हणे कॉफी माणसाला कळली. आधी त्या गोष्टीत चार शेळ्या होत्या, गेल्या वर्षापर्यंत त्या चाळीस झाल्या होत्या. कुणा राजाने कॉफीची दुकानंच बंद पाडली होती, कारण लोक तिथे बसून बोलायचे आणि बोलता बोलता विचार करायला लागायचे. "दारू पिणाऱ्याला राजा भीत नाही, सूनबाई," मामंजी म्हणायचे. "जाग्या माणसाला भितो."

कामाचं एकच वाक्य त्यांनी शिकवलं. "नाकाने हुरळून जायचं नाही, कानाने ऐकायचं." आधी बिया लाह्यांसारख्या तडतडतात. मग गप्प होतात. मग बारीक किरकिर सुरू होते. ती सुरू होता होताच पिंप उघडून ओतायचं. दहा सेकंद उशीर, की कोळसा. शेवटच्या दोन वर्षांत मामंजींचा खांदा धरला. ते स्टुलावर बसून "ओत!" म्हणून ओरडायचे आणि वहिनी ओतायची. खरं सांगायचं तर पुढे पुढे ती 'ओत'च्या अर्धा श्वास आधीच ओतत असे. मामंजींच्या ते लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी ते बोलले नाहीत.

मामंजी पडले त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारची भाजलेली कॉफी डब्यांत होती. पहिला आठवडा ती विकली गेली. लोक म्हणाले, वा, काका दवाखान्यात, पण चव जागेवर आहे. वहिनीला मूठभर मांस चढलं. पुढचा शुक्रवार आला तेव्हा तिच्या डोक्यात विचार आला, आठवडाभराची एकदम कशाला भाजायची? मामंजींचं वय झालं, त्यांना रोज जमत नसेल. आपण धडधाकट आहोत. रोज पहाटे उठू, त्या दिवसापुरती भाजू, ताजी ताजी लोकांना देऊ. घरात तिने कधी कुणाला शिळं वाढलं नव्हतं, मग गिऱ्हाइकाला तीन-तीन दिवसांची कॉफी का द्यायची? तिने शनिवार-रविवारची सुट्टीही मोडली. एका फळीवर पांढऱ्या रंगाने ठळक लिहिलं, 'रोज ताजी भाजलेली कॉफी', आणि ती फळी दाराबाहेर टांगली.

आणि तिथून दुकानाला उतरती कळा लागली.

पहिला घड्याळवाला. वीस वर्षं रोज सकाळी कट्ट्याला कोपर टेकून कप चाटूनपुसून संपवणारा माणूस, त्याने अर्धा कप ठेवला. "वहिनी, फेस मात्र छान येतो हो," तो म्हणाला. आता कॉफी पिणारा माणूस फेसाचं कौतुक करायला लागला की समजावं, बाकी कौतुकासारखं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याने विचारलं, दूध बदललंत का? तिसऱ्या आठवड्यात सरळच म्हणाला, "राग मानू नका. काकांचा हातच वेगळा." कुणी म्हणालं जिभेला टोचते, कुणी म्हणालं पोटात जळजळतं, कुणी काही न बोलता यायचंच बंद झालं.

वर मामंजी. रोज सकाळी पहिला कप त्यांच्याकडे जायचा. घरचा मोठा माणूस अंथरुणात, तेव्हा पहिला कप त्यांचाच, यात वहिनीला काही वावगं वाटलं नाही. ते एक घोट घ्यायचे, कप बशीत ठेवायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. एकदाही 'हं' नाही. महिन्याभराने एकदा म्हणाले, "सूनबाई, हाताला चव असावी लागते. ती शिकवून येत नाही. तुझा दोष नाही." रागावले असते तर तिने सहन केलं असतं. ते 'तुझा दोष नाही' तिला चटका देऊन गेलं.

मग तिने काय काय केलं नाही? आच कमी केली, वाढवली. बियांचं पोतं बदललं. पिंप आतून घासून आरशासारखं केलं. आणि आणखी ताजी, आणखी ताजी! शेवटी शेवटी तर हाताला चटके बसणाऱ्या बिया ती तशाच दळायला घालायची. जितकी धडपड करावी तितकी चव बिघडत चाललेली. कान तर सांगत होता, बरोबर ओतलंस. मग जीभ का नाही म्हणते? स्वतःच्या कानावरचासुद्धा तिचा भरवसा उडायला लागला.

तीन महिने भरत आले तेव्हा एका मंगळवारी एक टायवाला माणूस वर येऊन बसला. पाकिटबंद कॉफी विकणाऱ्या एका कंपनीचा तो. त्यांना जागा हवी होती आणि दुकानाचं नाव हवं होतं. पिंप काचेच्या खिडकीत शोभेला ठेवू म्हणाला. भाजलेली कॉफी त्यांच्या कारखान्यातून येणार. वहिनी ट्रे घेऊन जिन्यात होती. मामंजींचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. "सोमवारी या. मला खाली उतरायची परवानगी मिळतेय. खालीच सही करतो. चव गेलेलं दुकान चालवून नाव कशाला घालवायचं?"

ट्रे तसाच घेऊन ती खाली आली आणि मागच्या पोत्यांवर बसून रडली. नवरा जेवायला आला तो तिथेच तिच्या शेजारी बसला. युनिफॉर्मला पोत्याची धूळ लागली तरी उठला नाही.

"अगं, नाही तर नाही," तो म्हणाला. "तू हुशार आहेस. दुसरं काहीतरी कर."

"अहो, मला दुसरं काही नकोय! मला हेच हवंय. हे पिंप, हा वास, हे सगळं. मला दुसरं काही आवडतच नाही, तुम्हाला कसं सांगू?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच उजाडेपर्यंत सांगितलंस की."

ती रडता रडता हसली, पण रडणं काही थांबलं नाही.

गुरुवारी सकाळी सिस्टर आली. ही इस्पितळातली नर्स. रात्रपाळी संपवून, डोळे तांबडे आणि बूट पांढरेशुभ्र अशी दर सोमवारी यायची, अर्धा किलो अख्ख्या बिया न्यायची आणि आठवडाभर वॉर्डातल्या स्वयंपाकघरात हातयंत्रावर स्वतः दळायची. बाकी सगळी गिऱ्हाइकं कट्ट्यावर प्यायची नाहीतर दळून न्यायची. अख्ख्या बिया नेणारी ही एकटीच. ती गुरुवारी कधी येत नसे.

"हे मी काय ऐकतेय वहिनी? घड्याळवाले म्हणाले, दुकान विकताय?"

"ऐकताय ते खरं आहे, सिस्टर. चव गेली."

"कुणाची चव गेली? आज पहाटे चार वाजता मी तुमची कॉफी प्यायले. इतकी सुंदर, की वॉर्डातल्या म्हाताऱ्याने कप हुंगायला मागितला! हां, सोमवारी म्हणाल तर वाईट होती. सोमवारी वाईटच असते."

वहिनीला वाटलं ही पेंगलेली आहे. पण सिस्टरने पर्समधून कॉफीच्या चार कागदी पिशव्या काढल्या. तीन रिकाम्या, घडी घातलेल्या. चौथीत तळाशी थोड्या बिया. "मला मेली सवयच आहे," ती म्हणाली. "समोर जे असेल त्याचा तक्ता करायचा. घरी नवऱ्याचाही करते." प्रत्येक पिशवीवर बॉलपेनने, बारीक टापटीप अक्षरात लिहिलेलं होतं:

'सोमवार. पेशंट अस्वस्थ. फेस फार. जिभेला टोचते. मंगळवार. अजून अस्वस्थ, पण आवाज कमी. बुधवार. जरा आराम. गुरुवार. धोका टळला. सुगंध आला. शुक्रवार. ठणठणीत. डिस्चार्ज द्यायला हरकत नाही.'

चारही पिशव्यांवर तेच, शब्द इकडचे तिकडे; चौथी, या आठवड्याची, फक्त गुरुवारपर्यंत आलेली.

"मला आपलं वाटलं, या कॉफीचा स्वभावच असा," सिस्टर म्हणाली. "गंमत म्हणून लिहून ठेवत गेले. काका भाजायचे ती मात्र सोमवारीच ठणठणीत असायची. मी त्यांना एकदा विचारणारही होते, ते काय औषध देतात म्हणून."

वहिनीने चौथी पिशवी उघडून नाक आत घातलं. तिची सोमवारची कॉफी. तिने भाजलेली, तिनेच वजन करून दिलेली. आणि वास मामंजींचा. तोच, चौदा वर्षांपूर्वी फणी हातात घेऊन ती ज्याच्या मागे जिना उतरली होती तो. ती बोटांवर मोजायला लागली. "शुक्रवारी भाजायचे. शनिवार. रविवार. सोमवारी डबा फोडायचा…" मग तिची नजर दाराजवळच्या खुंटीकडे गेली. तिथे मामंजींचा मासे धरायचा गळ टांगलेला होता.

"सिस्टर," ती हळूच म्हणाली, "मामंजी काही औषध देत नव्हते. ते मासे धरायला जात होते."

सिस्टरच्या डोक्यात आधी काही शिरेना. शिरलं तेव्हा ती इतकी हसली, की समोरून घड्याळवाला भिंग डोळ्याला तसंच ठेवून बघायला आला. भाजलेल्या बीच्या पोटात वारा कोंडलेला असतो. तो निघून गेल्याशिवाय पाणी बीत नीट शिरत नाही आणि चव बाहेर येत नाही. वहिनी ती बी गरम असतानाच दळत होती, आणि वर ताजी म्हणून मिरवत होती. "म्हणजे हिने गॅस धरलाय हो!" सिस्टर डोळे पुसत म्हणाली. "आणि तुम्ही लगेच हिला कामाला जुंपताय. पी हळद नि हो गोरी! अहो, बाळंतिणीलासुद्धा दोन दिवस पडू देतात."

त्या दिवशी वहिनीने फळी काढून पिंपामागे टाकली. शुक्रवारी पहाटे तिने भाजायला घेतलं. तडतड झाली, मग गप्प, मग किरकिर सुरू होता होताच तिने पिंप उघडलं. ओरडायला कुणी नव्हतं. तरी तिला 'ओत' ऐकू आलं. बिया गार केल्या, डब्यांत भरल्या, झाकणं लावली, आणि आता काही करायचं नव्हतं. काही म्हणजे काहीच.

हे मात्र कठीण होतं. चौदा वर्षांत या बाईने हातावर हात धरून बसायचं कसं ते शिकून घेतलं नव्हतं. शुक्रवारी दुपारपर्यंत तिने डबे बाहेरून तीनदा पुसले. चौथ्यांदा तिचा हात झाकणावर गेला तेव्हा नवऱ्याने पाहिलं. त्याने आपली कामाची पिशवी उघडली, मीटरला लावतात ती तार आणि शिशाचं सील काढलं, आणि एकेका डब्याला पक्कड दाबून सील ठोकलं. वर चिठ्ठी लावली. तारीख, वार आणि खाली सही.

"सरकारी सील आहे," तो म्हणाला. "तोडशील तर दंड."

शनिवारी सकाळी मामंजींना कॉफीऐवजी चहा गेला. "आज कॉफी नाही?" त्यांनी विचारलं. "सोमवारी, मामंजी," ती म्हणाली. "सोमवारी तर…" म्हणत त्यांनी बशी जवळ ओढली. मग त्यांनी चहा प्यायला, वाकडं तोंड करून. रविवारी नवरा तिला बळेच नदीवर घेऊन गेला. मामंजींचा गळ बरोबर होता. ती शेवाळ नसलेला दगड बघून बसली आणि चार तास पाण्याकडे पाहत राहिली. एक मासा लागला नाही. आतून सारखं वाटत होतं, समजा चुकलं असेल तर? समजा सिस्टरच्या जिभेचाच काही खेळ असेल? उद्या सही होईल आणि परवा पिंप खिडकीत शोभेला जाईल. नवरा शेजारी झोपी गेला होता. त्याला उठवून हे सांगावं असं दहादा तिच्या मनात आलं, पण तिने सांगितलं नाही.

सोमवारी नवरा आणि घड्याळवाला यांनी मामंजींना खुर्चीसकट सोळा पायऱ्या खाली आणलं. दोघांना धाप लागली आणि मामंजी वरून सूचना देत होते. खाली टायवाला आधीच येऊन कट्ट्यावर कागद पसरून बसला होता. सिस्टर पाळी संपवून आलेली, दाराला टेकून उभी. मामंजींनी तीन महिन्यांनी दुकान पाहिलं. डबे पाहिले, पिंप पाहिलं, आणि पेन मागितलं.

"आधी कॉफी घ्या," वहिनी म्हणाली.

नवऱ्याने पकडीने सील तोडलं. झाकण निघालं आणि घड्याळवाल्याने मान वर केली. वहिनीने बिया दळल्या, कापडात घातल्या, वरून पाणी सोडलं. फेस थोडासा आला आणि बसला. तिने कप भरून मामंजींच्या हातात दिला आणि दोन पावलं मागे सरली.

मामंजींनी एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग डोळे मिटले. अर्धा कप झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हं," ते म्हणाले.

वहिनीला हुंदका फुटला. मामंजी मात्र भोवती बघत होते. "हा डबा कुठून काढलास गं? माझा एखादा जुना राहिला होता का? ही तर माझ्या हातची आहे!"

"शुक्रवारी भाजली, मामंजी. मी."

"छे!"

नवऱ्याने चिठ्ठी पुढे केली. तारीख, वार, सही. सिस्टरने कट्ट्यावरच्या कागदांवर, अगदी सहीच्या जागेवर, चार पिशव्या ठेवल्या. "वाचा काका. मोठ्याने वाचा." मामंजींनी वाचलं. 'पेशंट अस्वस्थ'पासून 'डिस्चार्ज'पर्यंत. मग वहिनीने सगळं सांगितलं. रोजची ताजी कॉफी, दाराबाहेरची फळी, मोडलेली सुट्टी आणि खुंटीवरचा गळ.

ऐकता ऐकता मामंजींचा चेहरा लाल झाला. "म्हणजे चाळीस वर्षं लोक माझ्या हाताची वाहवा करत होते, आणि चव होती माझ्या सुट्टीची? मी मासे धरत बसायचो म्हणून?"

घड्याळवाल्याला हसू आवरेना. तो कट्ट्यावर डोकं टेकून हसायला लागला. मामंजी त्याच्यावर डाफरणार तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं आणि ते खुर्चीत मागे टेकले. "आमचे बाबा," ते म्हणाले, "भाजून झालं की डबे गाडीत घालून बाजाराच्या गावी न्यायचे. पोचायला दोन दिवस लागायचे. पुढे हे दुकान झालं, गाडी गेली. पण शुक्रवारी भाजायचं आणि सोमवारी विकायचं, ते तसंच राहिलं. कशासाठी ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. आणि मी मात्र हात, हात करत बसलो."

त्यांचा आवाज उतरला होता. इतका गर्वाचा माणूस, आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसलेला. वहिनीला ते बघवेना. ती खुर्चीजवळ आली.

"मामंजी, सुट्टीने नुसती मुरली. भाजली ती तुमच्याच कानाने. ओत म्हणून ओरडायला कुणी नव्हतं, तरी मला ऐकू आलं."

मामंजी तिच्याकडे बघत राहिले. "मी ओरडायच्या आधीच ओतायचीस तू," ते म्हणाले. "दोन वर्षं बघत होतो. मनात म्हटलं, हिला कान आहे. तोंडाने म्हणायला काय धाड भरली होती मला, देव जाणे."

टायवाल्याने घसा खाकरला. त्याच्यासमोरही वहिनीने एक कप ठेवला होता आणि तो केव्हाच रिकामा झाला होता. "सहीचं मी साहेबांना कळवतो," तो पिशव्यांखालून कागद ओढत म्हणाला. "पण अर्धा किलो मिळेल का?"

"मिळेल," मामंजी म्हणाले. "पण थांबावं लागेल. दुकान अजून सुरू झालेलं नाही. इथे एक मोठी चूक झालेली आहे."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मामंजींनी हातातला अर्धा कप वर धरला.

"पहिला कप भाजणाऱ्याचा असतो. हा मी प्यायलो. तीन महिने रोज मीच पीत आलो, आणि वर नावं ठेवत आलो." त्यांनी कप वहिनीपुढे केला. "अर्धा उरलाय, सूनबाई. घे. आणि माफ कर मला."

वहिनीने कप घेतला. इतक्या वर्षांत ती त्या पिंपाला कधी टेकली नव्हती. आता ती गेली, पाठ टेकली, डोळे मिटले आणि प्यायली. कॉफी कोमट झाली होती. दारात तोवर आणखी तीन-चार जण येऊन उभे राहिले होते, त्यातले दोन तर महिनाभर न फिरकलेले. कुणी घाई केली नाही.

कप रिकामा झाला. वहिनीने डोळे उघडले.

"हं," ती म्हणाली, आणि दुकान सुरू झालं.